जाळायचे की नुसते थोपवायचे? ध्वनी आणि मेंदू यांचा शंभर वर्षांचा इतिहास

जानेवारी १९५८. ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात जेमतेम दोन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक तीन : फ्रान्सिस फ्राय, हार्लो एड्स आणि विल्यम फ्राय. प्रयोग मांजरांवर होता. मांजराच्या डोळ्यांसमोर प्रकाश लखलखवायचा आणि मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचे काम चालते तिथे, उमटणारी विद्युतलहर टिपायची. एवढे झाल्यावर मेंदूच्या खोल भागातील एका ठाण्यावर ध्वनीचा झोत रोखायचा. या ठाण्याचे नाव लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस. डोळ्यांकडून निघालेले बहुतेक संदेश येथे थांबून मगच पुढे जातात. झोत सुरू झाला आणि लहर खाली येऊ लागली, मूळ उंचीच्या एक तृतीयांशाहूनही खाली. झोत बंद केल्यावर सुमारे अर्ध्या तासात ती पूर्ववत झाली. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी इजेची खूण आढळली नाही.

त्या निबंधाच्या शीर्षकातला महत्त्वाचा शब्द ‘परत फिरणारे’ असा होता. मज्जासंस्थेत ध्वनीने घडवलेले, परत फिरणारे बदल. मेंदूचा एखादा भाग कापून किंवा जाळून टाकण्याची विद्या शल्यविशारदांकडे होतीच. एखादा खोल भाग काही मिनिटे गप्प करावा, त्याविना मेंदू काय करतो ते पाहावे आणि मग त्याला जसाच्या तसा परत मिळवावा, ही गोष्ट मात्र निराळी होती. तिच्यात उपचाराची शक्यता होती आणि ज्ञानाचीही. असे असूनही पुढची पन्नास वर्षे हा धागा जवळजवळ कोणी उचलला नाही. असे का झाले, आणि उचलल्यावर साठ वर्षांनी तो पुन्हा कसा तुटता तुटता वाचला, ही कथा विज्ञानाच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही.

आधी साधनाविषयी थोडे. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाऊंड. सोनोग्राफीमुळे हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. सोनोग्राफीत ध्वनी शरीरात सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकला जातो. येथे प्रतिध्वनीशी कर्तव्य नाही. भिंगाने ऊन एका बिंदूवर आणून कागद पेटवण्याचा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. तोच न्याय ध्वनीला लावायचा. वाटेतल्या ऊतींमधून झोत विरळपणे जातो, आणि जिथे सगळ्या लहरी एकत्र येतात तिथेच त्याचा जोर जाणवतो. सेकंदाला पाच लाख कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी मेंदूत सुमारे तीन मिलिमीटर भरते. त्यामुळे नेम काही मिलिमीटरांपर्यंत आणता येतो. भिंगाच्या उपमेत एक धोकाही दडला आहे. ज्या भिंगाने कागद नुसता कोमट होतो, त्यानेच तो जळतो. फरक पडतो तो वेळेने आणि जोराने.

हा ध्वनी निर्माण करण्याची किल्ली पॅरिसमध्ये सापडली. पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला की त्यांवर विद्युतभार उमटतो. उलट दिशेनेही तेच घडते : वीज दिली की स्फटिक थरथरतो. तीस-पस्तीस वर्षे हा गुणधर्म प्रयोगशाळेतले नवल म्हणून पडून राहिला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी दोस्त राष्ट्रांची जहाजे बुडवण्याचा सपाटा लावला, तेव्हा पिएर क्यूरी यांचे शिष्य पॉल लाँजव्हँ यांनी क्वार्ट्झ आणि पोलाद यांचे थर जोडून पाण्यात ध्वनी सोडणारे यंत्र तयार केले. तूलाँच्या नौदल तळावर चाचण्या चालू असताना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. झोताच्या वाटेत आलेले मासे मरत होते. पाण्यात हात घातला तर वेदना होत होती. शत्रूची चाहूल घेण्यासाठी बनवलेला आवाज सजीव देहात काहीतरी करत होता.

ते पाहणाऱ्यांत रॉबर्ट वुड हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ होते. वुड यांची ओळख येथे करून देणे आवश्यक आहे, कारण त्यांचे नाव या कथेत दोन कारणांनी येते. १९०३ साली नान्सी येथील रने ब्लाँद्लो यांनी ‘एन-किरण’ नावाचे नवे किरण सापडल्याचे जाहीर केले होते. फ्रान्समध्ये लगोलग इतरांनाही ते दिसू लागले. स्नायूंतून आणि मज्जातंतूंतून हे किरण निघतात, असेही त्याच गावच्या एका प्राध्यापकाने सांगितले. वुड १९०४मध्ये तिथे गेले. प्रयोग अंधाऱ्या खोलीत चालू असताना त्यांनी यंत्रातला प्रिझम हळूच काढून घेतला. प्रयोगकर्त्याला तरीही किरण दिसतच राहिले! एन-किरणांची कथा तिथेच संपली. सगळे सांगतात त्यातले एक गृहीत गुपचूप काढून घ्यायचे आणि परिणाम टिकतो का ते पाहायचे, ही युक्ती लक्षात ठेवावी. ती पुढे परत येणार आहे.

युद्धानंतर वुड यांना एक धनिक साथीदार मिळाला. आल्फ्रेड लूमिस हे वॉल स्ट्रीटवरचे बँकर. पैसा मिळवून झाल्यावर त्यांचे मन भौतिकशास्त्रात रमले आणि त्यांनी न्यूयॉर्कजवळ टक्सीडो पार्क येथे आपली खासगी प्रयोगशाळा थाटली. १९२७ साली दोघांनी तीव्र श्राव्यातीत ध्वनीच्या परिणामांवर निबंध लिहिला. छोटे मासे आणि बेडूक एक-दोन मिनिटांत मरतात, रक्तपेशी फुटतात, अशी त्यांची निरीक्षणे होती. त्यांच्याच वर्तुळातले प्रिन्स्टनचे जीवशास्त्रज्ञ न्यूटन हार्वी यांनी १९२९मध्ये अधिक नाजूक गोष्ट नोंदवली. बेडूक आणि कासव यांच्या हृदयाच्या स्नायूला ध्वनीने उद्दीपित करता येते, म्हणजे तो मरत नाही, प्रतिसाद देतो. ध्वनीने चेतनशील ऊतींना ‘स्पर्श’ करता येतो, याची ही पहिली ठळक नोंद. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही. मारणारा परिणाम डोळ्यांत भरतो. हलका परिणाम शोधावा लागतो.

मेंदूकडे वळल्यावर तर हे अधिकच खरे ठरले. १९४२मध्ये कोलंबिया विद्यापीठात लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वक्राकार स्फटिक वापरून ध्वनी एका बिंदूवर आणला आणि प्राण्यांच्या मेंदूवर प्रयोग केले. मेंदूत मर्यादित जागी इजा करता येते, हे दिसले. पण टाळू आणि कवटी वाटेत होती, आणि बरीचशी ऊर्जा तिथेच शोषली जात होती. त्याच वर्षी ऑस्ट्रियात कार्ल डुसिक यांनी डोक्यातून ध्वनी पार करून मेंदूच्या पोकळ्यांचे चित्र मिळवल्याचा दावा केला. ती चित्रे मेंदूची नव्हती. मुख्यतः कवटीच्या जाडीतील फरकांचीच ती छाया होती, असे १९५०च्या दशकात उघड झाले. हाड आतल्या गोष्टी झाकते, इतकेच नव्हे तर आतल्यासारखे काहीतरी दाखवून फसवतेही. या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक अपयशामागे कुठेतरी हाच विषय आहे.

याच सुमारास या साधनावर एक काळी सावली पडली. एगास मोनिझ यांना १९४९ साली लोबोटॉमीसाठी नोबेल मिळाले होते आणि मनोरुग्णांच्या मेंदूचे पुढचे तंतू कापण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत भरभराटीला आली होती. १९५४मध्ये पेटर लिंडस्ट्रॉम या शल्यविशारदाने मेंदूच्या अग्रभागावर श्राव्यातीत ध्वनीचा मारा करण्याचा उपाय प्रसिद्ध केला, तो ‘लोबोटॉमीला पर्याय’ या शब्दांतच. (अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमन यांचे पहिले पती ते हेच.) कवटीला छिद्र पाडून, त्यातून ध्वनी आत सोडून तंतू नष्ट करायचे. सुरीपेक्षा सौम्य, असे त्याचे समर्थन होते. सौम्य साधनाने केलेली मोडतोड ही मोडतोडच असते, हा मुद्दा त्या काळात क्वचितच उपस्थित झाला. पुढे क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे आली आणि लोबोटॉमीबरोबर हा पर्यायही मागे पडला.

या पार्श्वभूमीवर फ्राय बंधूंचे वेगळेपण उठून दिसते. थोरले विल्यम यांचा जन्म १९१८चा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलाच्या प्रयोगशाळेत पाण्याखालच्या ध्वनीवर काम करत होते. म्हणजे लाँजव्हँ यांचाच वारसा. १९४६मध्ये त्यांनी इलिनॉय विद्यापीठात जैवध्वनिकीची प्रयोगशाळा उभी केली, आणि धाकटे फ्रान्सिसही तिथे आले. त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक क्रेफिश या खेकड्यासारख्या प्राण्याच्या मज्जारज्जूवर होते. प्रश्न असा : ध्वनीमुळे जे घडते ते नुसत्या उष्णतेमुळे घडते का? १९५०च्या निबंधात त्यांनी असे मांडले की तापमानाच्या वाढीने सगळ्याचा उलगडा होत नाही. ध्वनीच्या यांत्रिक ढकलण्यालाही काही अर्थ आहे. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. १९५८च्या मांजरांच्या प्रयोगात वापरलेली तीव्रता आजच्या मानाने बरीच होती, आणि त्या परिणामात उष्णतेचा वाटा किती यावर पुढच्या संशोधकांनी शंका घेतलीच आहे.

फ्राय बंधूंना ध्वनीचा चाकू तर हवाच होता. त्यांनी चार झोत एकाच बिंदूवर आणणारे यंत्र बांधले. प्रत्येक झोत एकेकटा निरुपद्रवी; जिथे चौघे भेटतात तिथेच ऊतींचा नाश. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद रसेल मायर्स यांच्यासह त्यांनी कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांवर हे यंत्र वापरले, आणि १९५९मध्ये त्या अनुभवांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. काही रुग्णांचे कंप आणि ताठरपणा कमी झाला. सुरी मेंदूत शिरली नव्हती हे खरे. मात्र कवटीचा मोठा तुकडा आधी कापून काढावा लागत होता आणि त्या खिडकीवर हवाविरहित खारे पाणी ठेवून त्यातून ध्वनी आत सोडावा लागत होता. ‘शस्त्राविना उपचार’ म्हणावा, तर त्याच्या आधी एक मोठी शस्त्रक्रियाच होती.

हे सारे थांबले ते कोणी त्याला खोटे ठरवले म्हणून नव्हे. १९६१ साली व्हिएन्नात बिर्कमायर आणि होर्नीकिएविच यांनी कंपवाताच्या रुग्णांना लेव्होडोपा दिले. १९६७मध्ये जॉर्ज कोझियास यांनी ते तोंडावाटे, मोठ्या मात्रेत देऊन टिकाऊ गुण दाखवला. गोळी घेऊन हात स्थिर होत असेल तर कवटी कोण उघडील? कंपवातासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण झपाट्याने घटले आणि ध्वनीच्या यंत्रांचे कामच उरले नाही. १९६८मध्ये विल्यम फ्राय यांचे पन्नाशीतच निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा एक सैद्धांतिक निबंध प्रसिद्ध झाला होता. ध्वनी आणि विद्युतक्षेत्र यांची सांगड घालून, मेंदूत काहीही न खुपसता त्याचा खोल भाग उद्दीपित कसा करता येईल याचे ते गणित होते. म्हणजे जाळण्याचे यंत्र प्रसिद्धीला आणणारा माणूस अखेरपर्यंत न जाळण्याच्या वाटेवर विचार करत होता. इतिहासात मात्र ते ‘ध्वनीने शस्त्रक्रिया करणारे’ म्हणून राहिले.

मधल्या काळात हा प्रश्न जिवंत राहिला तो सोव्हिएत संघात. मॉस्कोचे लिओनिद गाव्रिलोव्ह आणि लेनिनग्राडचे येफिम त्सिरुल्निकोव्ह यांनी १९७०च्या दशकात माणसाच्या हातावर केंद्रित ध्वनीचे छोटे स्पंद सोडले. स्पर्श, ऊब, गारवा, वेदना अशा निरनिराळ्या संवेदना त्यांना त्वचेत आणि खोलवर निर्माण करता आल्या. कानाच्या दिशेने झोत रोखल्यावर ऐकू येण्याचा भासही होतो, हे त्यांनीच नोंदवले. शीतयुद्धाच्या भिंतीपलीकडचे हे निष्कर्ष पश्चिमेत फार थोड्यांनी वाचले. कानासंबंधीचे निरीक्षण नीट वाचले गेले असते तर पुढचा एक मोठा गोंधळ कदाचित आधीच टळला असता.

कवटीचा प्रश्न सुटला तो संगणकांमुळे, आणि त्याआधी एका सुंदर कल्पनेमुळे. पॅरिसचे मातियास फिंक यांनी १९९०च्या सुमारास मांडले की ध्वनी हाडातून जाताना जसा विस्कटतो ते आधी मोजावे आणि तो विस्कटलेला आकार उलट क्रमाने परत सोडावा. तसे केल्यास वाटेतले हाडच त्याला पुन्हा नीट करते. हाडात ध्वनीचा वेग मेंदूतल्यापेक्षा बराच अधिक असतो, आणि कवटीची जाडी बोटाबोटाला बदलते. म्हणून प्रत्येक डोक्याचे गणित निराळे. बॉस्टनमध्ये कुलेर्व्हो हिनिनेन आणि फेरेन्स योलेस यांनी अखंड कवटीतून ध्वनी केंद्रित करण्याची शक्यता १९९८मध्ये दाखवली. पुढे सीटी स्कॅनवरून रुग्णाच्या कवटीचा नकाशा घ्यायचा, आणि शेकडो छोट्या ट्रान्सड्यूसरांपैकी कोणी केव्हा थरथरावे हे त्यावरून ठरवायचे, ही पद्धत रुळली. शिरस्त्राणासारख्या यंत्रात असे एक हजार चोवीस घटक बसवलेले असतात, आणि कुठे किती तापते आहे हे एमआरआय क्षणोक्षणी दाखवत राहतो.

त्याचे पहिले फळ पुन्हा जाळण्याचेच होते. २००९मध्ये झुरिचच्या गटाने असह्य मज्जावेदनांच्या रुग्णांवर कवटी न उघडता थॅलॅमसमध्ये लहान इजा करण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. २०१६मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेफ्री इलायस यांच्या नेतृत्वाखाली इसेन्शियल ट्रेमरच्या ७६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. हा आजार म्हणजे पेला तोंडाशी नेताना, सही करताना हात थरथरणे. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांचा हाताचा कंप सरासरी ४७ टक्क्यांनी कमी झाला होता. लटका उपचार मिळालेल्यांत बदल जवळजवळ शून्य. चालण्यात अस्थिरता आणि बधिरता हे त्रासही एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना झाले, हे विसरू नये. त्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने या उपचाराला मान्यता दिली.

या शस्त्रक्रियेतला एक टप्पा इतिहासकाराने थांबून पाहण्याजोगा आहे. रुग्ण जागा असतो. अखेरचा दाह देण्यापूर्वी वैद्य नेमलेली जागा थोडीशीच तापवतात, पेशी मरणार नाहीत इतपत. त्या काही क्षणांत कंप थांबला, तर नेम बरोबर आहे. चुकीच्या जागी लागला, तर बोटांना मुंग्या येतात आणि नेम हलवला जातो. मग जोर वाढवून ती जागा कायमची नष्ट केली जाते. म्हणजे १९५८चा तो परत फिरणारा परिणाम येथे हजर आहे, पण रंगीत तालमीपुरता. खरा प्रयोग नाशाचाच.

तालीम हाच प्रयोग व्हावा, अशी कल्पना दुसरीकडून आली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील विल्यम टायलर यांच्या गटाने २००८मध्ये उंदराच्या मेंदूच्या, ताटलीत जिवंत ठेवलेल्या कापांवर अगदी कमी तीव्रतेचा ध्वनी सोडला आणि चेतापेशी उद्दीपित होतात असे दाखवले. तापमान लक्षणीय वाढत नव्हते. २०१०मध्ये जिवंत उंदरांत, कवटी अखंड असताना, हालचालींच्या केंद्रावर ध्वनी रोखताच पाय आणि शेपूट हलली. पन्नास वर्षे पडून असलेला प्रश्न अचानक तरुण झाला. हार्वींचे बेडकाचे हृदय आणि फ्रायांचे मांजर यांची आठवण निबंधांच्या पहिल्या परिच्छेदांत येऊ लागली. २०१४मध्ये टायलर यांच्याच गटातील विन लेगॉन यांनी माणसांवर एक मार्मिक प्रयोग केला. मनगटातील मज्जातंतूला हलका झटका देऊन मेंदूत उमटणारी लहर मोजायची, आणि त्याच वेळी मेंदूच्या स्पर्शकेंद्रावर ध्वनी सोडायचा. लहर लहान झाली, हे फ्रायांच्या मांजरासारखेच. पण त्या व्यक्तींची दोन टोके वेगवेगळी ओळखण्याची क्षमता सुधारली! थोपवणे म्हणजे बिघडवणेच असे नाही, हे त्यातून ध्यानी आले.

आशा वेगाने वाढल्या. २०१६मध्ये लॉस एंजेलिस येथे मेंदूला गंभीर इजा झालेल्या पंचवीस वर्षांच्या एका तरुणाच्या थॅलॅमसवर ध्वनीचे स्पंद देण्यात आले. पुढच्या काही दिवसांत त्याची शुद्ध आणि प्रतिसाद लक्षणीय सुधारले. वृत्तपत्रांनी ‘कोमातून जागा केला’ असे मथळे दिले. त्या गटाचे प्रमुख मार्टिन मॉन्टी यांनी मात्र स्वतःच बजावले होते की तो तरुण त्याच सुमारास आपोआप शुद्धीवर येत असण्याची शक्यता आहे. एक रुग्ण, तुलनेला कोणी नाही. दवाखान्याच्या बाहेर वाट पाहणाऱ्या अशा कित्येक कुटुंबांसाठी त्या मथळ्याचे वजन किती असेल याची कल्पना करता येते. म्हणूनच मॉन्टी यांचा संयम मथळ्यापेक्षा मोठा मानायला हवा.

आणि मग प्रिझम काढून घेतला गेला.

२०१८मध्ये ‘न्यूरॉन’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात, पाठोपाठच्या पानांवर, दोन स्वतंत्र गटांचे निबंध आले. एक कॅलिफोर्नियातील कॅलटेकमधून, उंदरांवरचा. दुसरा मिनेसोटातून, गिनीपिगांवरचा. कॅलटेकच्या गटाने उंदराच्या दृष्टिकेंद्रावर ध्वनी रोखला. उजळून निघाले ते श्रवणकेंद्र. प्राण्यांना रसायनाने बहिरे केल्यावर तो प्रतिसाद मावळला. मिनेसोटात ह्यूबर्ट लिम यांच्या गटाने अंतर्कर्णातील द्रव काढला किंवा श्रवणतंतू कापला. मेंदूतली पसरलेली खळबळ शांत झाली. अर्थ उघड होता. उंदराचा पाय हलत होता तो कदाचित मेंदूला ध्वनीचा स्पर्श झाल्यामुळे नव्हे, दचकल्यामुळे.

श्राव्यातीत ध्वनी ऐकू कसा येईल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. झोत सलग नसतो, तुटक स्पंदांत सोडलेला असतो. सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणाऱ्या झोताची ती उघडझाप स्वतःच कानाच्या आवाक्यातील असते. प्रत्येक स्पंद कवटीला अलगद टिचकी मारतो, आणि हाडातून ती टिचकी थेट अंतर्कर्णात पोचते. पुन्हा हाडच! डुसिक यांना हाडाने चित्रात फसवले होते. येथे ते कानात कुजबुजत होते. माणसांवरच्या प्रयोगांतही काहींना हलका किणकिणाट ऐकू येतो, असे पुढे आढळले. दहा वर्षांच्या निष्कर्षांपैकी किती खरे आणि किती दचकणे, हा प्रश्न शेकडो संशोधकांच्या कामावर उभा ठाकला.

एन-किरणांच्या बाबतीत प्रिझम काढल्यावर काहीच उरले नव्हते. येथे तसे झाले नाही. २०१९मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने जन्मतःच बहिऱ्या असलेल्या, जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर प्रयोग केला; तरीही त्यांचे स्नायू हलले. स्पंदाची सुरुवात आणि शेवट धारदार न ठेवता मऊ केल्यास कानाचा प्रतिसाद घटतो आणि हालचाल टिकते, हेही दिसले. मानवी प्रयोगांत आता तसाच आवाज कानात मुद्दाम वाजवून तुलना केली जाते. २०२२मध्ये खुद्द कॅलटेकमधूनच, मिखाइल शापिरो यांच्या प्रयोगशाळेतून, यंत्रणेचा एक भाग पुढे आला. २०१८ची शंका घेणाऱ्यांत हेच शापिरो होते. त्यांनी चेतापेशी ताटलीत वाढवल्या, म्हणजे कान हा विषयच उरला नाही. ध्वनीच्या दाबाने पेशीपटलातील काही विशिष्ट मार्गिका उघडतात, कॅल्शियम आत शिरते, आणि इतर मार्गिका तो संदेश मोठा करतात असे त्यांना आढळले. दाबाला प्रतिसाद देणाऱ्या अशा मार्गिकांपैकी एका कुळाचे नाव ‘पिएझो’. ती शोधून काढल्याबद्दल आर्डेम पातापूतियान यांना २०२१च्या नोबेलचा वाटा मिळाला. क्यूरी बंधूंच्या स्फटिकांच्या गुणधर्माचे नावही त्याच ग्रीक मुळापासून आले आहे, अर्थ, दाबणे. एका टोकाला दाबाने वीज देणारा दगड, दुसऱ्या टोकाला दाबाने जागी होणारी पेशी.

कोणता भाग उद्दीपित होईल, कोणता थोपेल, किती वेळ, हे स्पंदांच्या लयीवर अवलंबून असल्याचे दिसते. पण त्याचे भरवशाचे कोष्टक अजून बनलेले नाही. नैराश्य, व्यसन, जुनाट वेदना, अपस्मार यांवर लहान चाचण्या चालू आहेत. त्यांच्या बातम्या वाचताना तुलनेचा गट कोणता होता आणि कानाचे काय केले, हे दोन प्रश्न विचारले तरी बराच कोळसा वेगळा होतो.

२०२५ साली लंडन आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २५६ ट्रान्सड्यूसरांचे एक नवे शिरस्त्राण सादर केले. ते एमआरआयच्या आत चालते. त्याच्या चाचणीसाठी सात जणांना लुकलुकणारा बुद्धिबळाचा पट दाखवण्यात आला, आणि मेंदूच्या खोल भागातील एका ठाण्यावर झोत रोखण्यात आला. ठाणे तेच, लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस. झोत पोचल्यावर दृष्टिकेंद्रातील हालचाल बदलली. स्पंदांची एक विशिष्ट लय वापरल्यावर तो बदल किमान चाळीस मिनिटे टिकला. कवटी कोणाचीही उघडलेली नव्हती. चाचणी संपल्यावर सातही जण उठून घरी गेले.